'मार्केट' आणि त्याचे मराठी प्रतिशब्द

इंग्रजी-मराठी कोश रचणारास कोणता शब्द सर्वांत अधिक छळतो असें विचारलें, तर पुष्कळ वाचक एखादा अवघड शास्त्रीय शब्द सुचवितील. आमचें मत निराळें आहे. शास्त्रीय शब्दास बहुधा एकच अर्थ असतो. पेंच पडतो तो 'मार्केट'सारख्या रोजच्या शब्दाचा. मोल्सवर्थनें आरंभिलेला व कॅन्डीनें पुरा केलेला कोश १८४७ सालीं निघाला. तेव्हांपासून ही ओढाताण चाललीच आहे.

लासलगांवच्या कांद्याच्या आवारांत तासभर उभें राहावें, म्हणजे कोशाचें काम आपोआप होतें. 'मार्केटला चाललों' येथें तें स्थळ. 'आज मार्केट बंद' म्हणजे लिलाव बंद. 'मार्केट उतरलें' म्हणजे भाव उतरला. 'ह्या मालाला मार्केट नाहीं' म्हणजे उठाव नाहीं. पेठ, लिलाव, भाव, उठाव असे चार शब्द घरांत असतां शेतकरी एकाच परक्या शब्दावर भागवितो, ह्याचा भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस राग येईल. परंतु ज्या लिलावावर त्याचें वर्ष अवलंबून, तो शब्द तरी पोर्तुगीजांकडूनच आलेला. आणि 'बाजार' फारशी!

खरी अडचण पुढेंच आहे. 'बाजार' ह्या शब्दास मराठींत एक हीन छटा चिकटली आहे. बाजारगप्पा, बाजारबुणगे, बाजारू. दुःखाचाही कोणी 'बाजार मांडला' म्हणजे आपण नाक मुरडतों. इंग्रजी लेखक मतांच्या मुक्त देवघेवीस विचारांचें 'मार्केट' म्हणतो, तें गौरवानें. त्याचा 'विचारांचा बाजार' असा शब्दशः तर्जुमा करणारा भाषांतरकार लेखकाच्या तोंडीं नेमकी उलट निंदा घालतो. असलीं भाषांतरें आम्हीं वाचलीं आहेत, आणि मूळ लेखकाची कीव आली आहे.

सरकारी परिभाषेनें निराळी वाट धरली. इंग्रजींत 'मार्केट कमिटी' व 'मार्केटिंग बोर्ड' हीं एकाच शब्दाचीं भावंडें. मराठींत मात्र एक 'बाजार समिती' झाली व दुसरें 'पणन मंडळ'. १९६३ च्या राज्य कायद्याच्या नांवांतही 'पणन' आहे. शब्द अशुद्ध नाहीं. 'पण्' ह्या संस्कृत धातूपासूनच पण्य, विपणि हे शब्द निघाले. पण ज्याच्यासाठीं कायदा, त्याच्या कानीं तो पोंचतो काय? ट्रॉलीवर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास आम्हीं 'पणन'चा अर्थ विचारला. "माल पणाला लावायचा, तेंच की," ते म्हणाले. आम्ही हंसलों; मागाहून ध्यानांत आलें कीं त्या धातूचा पैज लावणें हाही अर्थ आहेच. म्हातारबोवा चुकले नव्हते. मात्र कायद्याला तो अर्थ अभिप्रेत नव्हता.

कोशकारांनीं आतां नुसते प्रतिशब्द न देतां प्रत्येक अर्थापुढें एकेक चालतें मराठी वाक्य छापावें. तीं वाक्यें मिळविण्यास लासलगांवचें आवार पुण्याच्या ग्रंथालयाहून अधिक उपयोगी पडेल.