नरनाळ्याचा दरवाजा आणि लागोसचे कापड

एखाद्या कलाकृतीवर परका प्रभाव आहे असे म्हटले की आपल्याकडे तिची निम्मी किंमत कमी होते. मुस्लिम मराठी लेखनाच्या वाट्याला हा शेरा नेहमीचाच. भाषा मराठी, पण संस्कार कुठले? हाच प्रश्न आम्ही आमच्या वऱ्हाडातल्या दोन दरवाज्यांना विचारून पाहिला.

अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने १४८७ साली उभारला. पांढरट दगडात कोरलेली कमळे, अरबी लेख, बाजूंना जाळीदार सज्जे. अमरावती जिल्ह्यातल्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावर हत्तींना पकडलेला गंडभेरुंड आहे. हा दोन तोंडांचा पक्षी विजयनगरकडचा. फिरिश्ता सांगतो की फतहुल्लाही तिकडच्याच कानडी हिंदू घरातला. लहानपणी युद्धकैदी होऊन बहमनी राज्यात आला.

दरवाज्यांविषयी लिहिणारे वाटणी करून मोकळे होतात : कमळ हिंदूंचे, कमान मुसलमानांची. पण एकाच दगडातून निघालेली अक्षरे आणि फुले वेगळी काढा, दरवाजाच उरत नाही.

असाच वाद पश्चिम आफ्रिकेच्या आजच्या कलेतही आहे. तिथले भडक रंगांचे छापील कापड जगभर 'आफ्रिकी' म्हणून ओळखले जाते. मूळ कला जावाच्या बाटिकची. हॉलंडच्या गिरण्यांनी तिची नक्कल केली आणि माल पश्चिम आफ्रिकेत खपवला. तिथल्या विक्रेत्या बायांनी नक्ष्यांना आपली नावे दिली आणि कापड त्यांचे झाले. लंडनमध्ये जन्मलेले, लागोसमध्ये वाढलेले यिंका शोनिबारे याच कापडाचे युरोपी उमरावी पोशाख शिवून बिनडोक्याच्या पुतळ्यांना चढवतात. अस्सल कोण, हा प्रश्न ते विचारणाऱ्यावरच उलटवतात.

आमचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. अशा कलेला 'गंगाजमनी' म्हणून गौरवण्याची आम्हालाही सवय आहे. तो शब्द गोड आहे, पण त्यात कैद करून आणलेले पोर दिसत नाही, वसाहतींचा व्यापारही दिसत नाही. प्रभाव पुष्कळदा बळाने आणि बाजाराने येतात. कलावंत त्यांचे काय करतो, हे समीक्षेने पाहावे. फतहुल्लाच्या दरवाज्यावर अरबी लेख आहे आणि कमळही; एकासाठी दुसरे खरवडलेले नाही.

आमच्या मराठीचीही परीक्षा अशीच व्हावी. शब्द कुठून आला ते जरूर विचारा. पण वाक्यात तो काय करतो, तेही वाचा.