मुक्ताचा निबंध पुरा वाचा

बंडाच्या कविता लिहिणाऱ्या पोरांनी आधी मुक्ता साळवे वाचावी. मांगाची पोर. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी. वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला.

कुणी याला 'शाळकरी निबंध' म्हणेल. म्हणू द्या. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कुठला, असा सरळ सवाल ती देवालाच टाकते. नुसतं रडगाणं गात नाही, पुरावा मांडते. इमारतींच्या पायात आमची माणसं पुरली, हे ती लिहून ठेवते.

सभेत आपण एवढंच वाचतो, टाळ्या घेतो आणि थांबतो. पण त्याच निबंधात ती महारांनाही धरते. तेही मांगाच्या सावलीचा विटाळ मानतात, हा ब्राह्मणांचाच रोग, असं ती तोंडावर सांगते. वरच्यांच्या नावानं ओरडणं हे निम्मंच बंड झालं. शेजारच्या वस्तीशी आपण कसं वागतो, हे बोललं की ते पुरं होतं.

इंग्रज सरकारवर तिचा भरवसा फार, तो आज पटायचा नाही. पण आपल्याच माणसांना सुनावायची छाती त्या पोरीत होती. आपल्या कवितेत ती कुठाय?