बोटं, पट्टी आणि वजन: ब्लॅक सॅबथचा एक अल्बम ऐकताना

मागच्या खेपेला आपण कलेतल्या कुरूपाविषयी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर दोन तरुण थांबले. दोघंही भोसरी एमआयडीसीत कामाला. एकानं मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "सर, हे ऐकून बघा. लय हेवी आहे." तो होता ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा 1971 सालचा तिसरा अल्बम, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'. माझा कान ख्याल ऐकून तयार झालेला. पण मुलं इतक्या प्रेमानं सांगत होती, की घरी जाऊन ऐकला. एकदा नाही, बरेचदा ऐकला. आज त्याविषयी, आणि त्या मुलांच्या एका वाक्याविषयी बोलायचं आहे.

ते वाक्य असं: "त्याची बोटं मशीनमध्ये तुटली म्हणून तर हा आवाज मिळाला, सर. नाहीतर मेटल जन्मालाच आलं नसतं." जगभरचे चाहते ही गोष्ट अशीच सांगतात. पण त्यांच्यातला दुसरा मुलगा प्रेसवर काम करतो, आणि त्याच्या तर्जनीचं एक पेर नाही. तो हळूच म्हणाला, "मग माझं बोट गेलं, त्याचं काय म्हणायचं?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

आधी हकीकत नीट बघू. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा. बँडमधले चौघंही त्याच शहरातल्या अ‍ॅस्टन भागात वाढलेले. अ‍ॅस्टन म्हणजे कामगारवस्ती, आपल्या आकुर्डी-भोसरीसारखी. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. तो सांगतो की दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जायचंच नव्हतं, आईनं 'दिवस पुरा कर' म्हणून पाठवलं. प्रेस चालवणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला मशीनवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा.

पुढे कारखान्यातला एक वरिष्ठ त्याला भेटायला आला. त्यानं जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टचा हात 1928 साली आगीत भाजला होता, आणि तो मुख्यतः दोन बोटांवर गिटार वाजवायचा. ते ऐकून आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. गिटारला मिळतील तेवढ्या बारीक तारा लावल्या, सुरुवातीला तर बँजोच्या.

आता अल्बमकडे येऊ. चौतीस-पस्तीस मिनिटांचाच आहे. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' आणि 'इंटू द व्हॉइड' या तीन गाण्यांत आयोमीनं गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनची तार काळी एकवर आणली. त्यानं काय होतं? तार तीच ठेवून स्वर एवढा खाली आणला, की तिचा ताण साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. दाबायला सोपं जातं. आणि सैल तार जोरात छेडली की जास्त डुलते, आवाज रुंद होतो. तंबोऱ्याच्या खर्जाशेजारी बसलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. ती तार कानाइतकीच छातीत ऐकू येते.

आपली मुलं 'हेवी' म्हणतात ते हेच. पण मला वाटतं, वजन फक्त खालच्या स्वरातून येत नाही. 'इंटू द व्हॉइड'ची सुरुवात ऐका. तीच स्वरावली सावकाश, पुन्हा पुन्हा येते. घाई नाही. प्रत्येक आघातानंतर जागा सोडलेली आहे, आणि त्या जागेमुळे पुढच्या आघाताचं ओझं जाणवतं. ठाय लयीत तबल्याचा ठेका ऐकणाऱ्याला हे कळेल. मग 'सॉलिट्यूड' ऐका. हळू, उदास, त्यात बासरी आहे, तीही आयोमीनंच वाजवलेली. 'ऑर्किड' तर दीड मिनिटाची नुसती साध्या गिटारची सुरावट. या हलक्या तुकड्यांमुळे जड तुकडे जड होतात. सगळंच जड असतं तर कशालाच वजन आलं नसतं.

इथे चाहत्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. 1971 साली बऱ्याच समीक्षकांनी हे संगीत ओबडधोबड म्हणून बाजूला सारलं होतं. लोकांनी मात्र अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या आणि अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत नेला. 2003 साली 'रोलिंग स्टोन'नं सर्वोत्तम पाचशे अल्बमची यादी केली, तेव्हा त्यात हा आला. समीक्षेला जे कळायला वेळ लागला, ते श्रोत्यांनी आधी ऐकलं होतं. म्हणून मी या मुलांच्या कानावर विश्वास ठेवतो.

त्यांच्या गोष्टीवर मात्र ठेवत नाही.

गोष्ट म्हणते, बोटं तुटली म्हणून हा आवाज. 'म्हणून' हा शब्द तत्त्वज्ञानाच्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आपल्या न्यायशास्त्रानं कारण कशाला म्हणावं याचा फार बारीक विचार केला आहे. कार्याच्या आधी जे नियमानं असतं ते कारण, पण ते 'अन्यथासिद्ध' असता कामा नये. म्हणजे केवळ आधी होतं, पण कार्य घडवण्यात ज्याचा हात नाही, ते गाळायचं. घटाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. माती कारण, चाक कारण, कुंभार कारण. माती वाहून आणणारं गाढव कारण नाही. आणि गंमत म्हणजे कुंभाराचा बापही कारण नाही. बाप नसता तर कुंभार नसता हे खरंच. तरी मडकं बापानं घडवलं असं आपण म्हणत नाही.

ती प्रेस म्हणजे फार तर कुंभाराचा बाप. आता 'नियमानं' ही अट बघा. प्रेसखाली बोटं गेली की संगीत येतं, असा नियम असता तर भोसरी-चाकणमध्ये घरोघरी बँड असते. दुसरं असं, की ब्लॅक सॅबथचे पहिले दोन अल्बम 1970 साली आले. तेव्हाही आयोमीची बोटं हीच होती, आणि गिटार साधारण नेहमीच्याच पट्टीत होती. म्हणजे बोटांमुळे तार आपोआप उतरली नाही. तिसऱ्या अल्बमच्या वेळी ती उतरवायचं ठरवलं गेलं. बोटांना सोपं जावं हे एक कारण, आवाज भरदार व्हावा हे दुसरं. आणि तिसरं, बेस वाजवणारा गीझर बटलर. त्याची दहाही बोटं शाबूत होती, तरी त्यानंही आपली वाद्यं तितकीच खाली लावली. त्याला कोणत्या मशीननं भाग पाडलं? कोणत्याच नाही. त्यानं कानानं ठरवलं.

कुणी म्हणेल, सर, चाहत्यांनी प्रेमानं सांगितलेली गोष्ट आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? बर्मिंगहॅममध्ये किंवा पुण्यात डेक्कनवर बसून ऐकली तर मीही सोडून दिली असती. इथे सोडता येत नाही. 'बरं झालं बोटं तुटली' असं म्हटलं, की अपघात वरदान होतो. आणि वरदानाची चौकशी कोणी करत नाही. प्रेस चालवणारा आला नव्हता, म्हणून न शिकलेल्या पोराला तिथे उभं केलं, हा त्या अपघाताचा खरा इतिहास आहे. तो गोष्टीत एका ओळीत उरकतो. तुमच्यापैकी जे प्रेस शॉपमध्ये आहेत त्यांना ही ओळ अनोळखी नाही. ऑपरेटर सुट्टीवर, हेल्परला मशीनवर घ्या. दोन हातांची बटणं आहेत, पण प्रॉडक्शन निघत नाही म्हणून एक बांधून टाका. सेन्सर बंद ठेवा. यंत्राच्या धोकादायक भागाला संरक्षण हवं, हे 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं.

बोटाचं मोलही कायद्यानं लिहून ठेवलं आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीचं एक पेर गेलं तर कमाईच्या क्षमतेत 9 टक्के घट, मधल्या बोटाचं 7 टक्के, अनामिकेचं 5 टक्के, असं लिहिलेलं होतं. कायद्याला काहीतरी आकडा धरावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कायदा कमाईचं वजन करतो. त्या बोटानं पुढे काय केलं असतं, शर्टाची बटणं, लेकराचा हात, एखादं वाद्य, ते त्या तक्त्यात नाही. आणि चाहत्यांच्या गोष्टीतही नाही, कारण गोष्ट फक्त ज्याचं पुढे नाव झालं त्याच्या बोटांची आहे.

मराठीत 'जड' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वजनदार, आणि दुसरा अचेतन, चैतन्याच्या उलट. यंत्र दुसऱ्या अर्थानं जड आहे. त्याला बोट आणि पत्रा यांतला फरक कळत नाही. हे संगीत पहिल्या अर्थानं जड आहे, आणि ते ठरवून, ऐकून, टोपणं करून, तारा बदलून माणसांनी घडवलं आहे. या दोहोंची गल्लत करू नये, एवढंच माझं म्हणणं. श्रेय द्यायचं तर त्या हाताला द्या, त्याच्या कानाला द्या. आणि रेकॉर्ड घेऊन आलेल्या त्या माणसालाही द्या. त्याच्यासारखं आपल्यापैकी कुणालाही करता येईल.

तर त्या मुलाला माझं उत्तर. बाळा, तुझं बोट गेलं हे वाईट झालं. त्यातून काही मोठं निघालं नाही म्हणून ते कमी वाईट नाही, आणि निघालं असतं तरी ते चांगलं ठरलं नसतं. आयोमीच्या बाबतीतही ते वाईटच होतं. तू अल्बम ऐकत राहा. तुझा कान चांगला आहे, मला तो तुझ्यामुळे मिळाला.

आता प्रश्न असतील तर घेऊ.