भीतीला पुरावा मागणारी प्रश्नावली

वालेरिया लुइसेल्ली या मेक्सिकन लेखिकेचे 'टेल मी हाऊ इट एन्ड्स' (२०१७) हे छोटेखानी पुस्तक स्थलांतरित मुलांच्या हालअपेष्टांची कहाणी म्हणून वाचण्याचा मोह होतो. मला ते प्रथम आकृतिबंधाचे पुस्तक वाटते. न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन न्यायालयात स्वयंसेवी दुभाषी म्हणून काम करताना, मध्य अमेरिकेतून एकट्याने आलेल्या मुलांना त्यांना चाळीस प्रश्न विचारावे लागत. त्या छापील प्रश्नावलीचाच त्यांनी निबंधाला सांगाडा केला.

मी कायद्याचा पदवीधर नाही. निकालपत्रे मी साहित्याचा वाचक म्हणून वाचत आलो. तशी ती वाचली की या प्रश्नांमागचा दट्ट्या कळतो. अमेरिकेच्या १९८०च्या निर्वासित कायद्यानुसार छळाची भीती सिद्ध करणे पुरेसे नसते. तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एका कारणाने होतो, हेही दाखवावे लागते. शिवाय दोन वेगळी मापे आहेत. आश्रयासाठी 'साधार भीती' चालते. १९८७च्या कार्डोझा-फोन्सेका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहात एक एवढी शक्यताही पुरेशी ठरू शकते, असे म्हटले. मात्र आश्रय देणे न देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते. हद्दपारी रोखण्याचे दुसरे संरक्षण सरकारला बंधनकारक आहे, पण त्यासाठी छळाची शक्यता निम्म्याहून अधिक असल्याचे सिद्ध व्हावे लागते.

टोळीच्या धाकाने पळालेला मुलगा या पाच खणांपैकी कोणत्या खणात बसतो? २००८ साली इमिग्रेशन अपील मंडळाने एल साल्वादोरच्या तीन भावंडांना नकार दिला. टोळीत जायला विरोध करणारी मुले हा गट पुरेसा नेमका नाही आणि समाजात वेगळा ओळखूही येत नाही, असे मंडळाचे म्हणणे. त्यांना भीती वाटत होती, एवढ्याने भागले नाही. त्या भीतीला कायद्यात नाव नव्हते.

लुइसेल्ली यांचे बळ येथे दिसते. मुलांची उत्तरे अडखळत, मागेपुढे होत येतात. प्रश्नावलीला क्रम आणि कारण हवे असते. ग्वाटेमालाहून आलेल्या दोन चिमुरड्या बहिणींच्या फ्रॉकच्या कॉलरवर आजीने आईचा फोन नंबर शिवून दिलेला असतो. वकिलाच्या उपयोगाचे असे त्या फारसे काही सांगू शकत नाहीत. साहित्यात अशा तुटक बोलण्याला आपण मोल देतो, मौनालाही अर्थ देतो. न्यायालयात त्याच तुटकपणाने खटला लंगडा होतो. हा विरोध लेखिका भाष्याचा भार न घालता उभा करतात. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क या मुलांना नाही, हे लक्षात घेतले की दुभाषाने टिपलेल्या प्रत्येक शब्दाचे वजन कळते.

माझा आक्षेपही येथूनच सुरू होतो. पुस्तकात सलग कथा मिळते ती मानू या टोपणनावाने येणाऱ्या होंडुरासच्या मुलाला. टोळीने त्याच्या मित्राला मारलेले असते आणि त्याआधी पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची घडी घातलेली प्रत त्याच्याजवळ असते. वकिलांना तो कागद मोलाचा वाटतो, निबंधालाही तोच कणा पुरवतो. बहिणींच्या वाट्याला एक अविस्मरणीय प्रतिमा येते. कथानक मानूच्या वाट्याला. जो नीट सांगू शकतो त्याचीच गोष्ट पुढे जाते, ही न्यायालयाची निवड निबंधाच्या रचनेतही उतरली आहे. एवढ्या सजग लेखिकेने ही निवड तपासायला हवी होती. तसे झाले असते, तर पुस्तकाची टीका कायद्यापुरती न राहता कथनाच्या आपल्या आवडीपर्यंत पोचली असती.

तरीही हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते. आपणही आत्मकथन वाचताना सुसंगती शोधतो, तपशील जुळला नाही तर मनात शंका धरतो. वाचकाच्या शंकेने कुणी सीमेपार जात नाही. त्या न्यायालयात मात्र सात वर्षांच्या मुलीचे विसरणे हद्दपारीचे कारण ठरू शकते. नीट सांगितलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांतले अंतर ओळखणे हे समीक्षेचे जुने काम आहे. लुइसेल्ली यांच्या चाळीस प्रश्नांनी त्या कामाची किंमत दाखवून दिली.