स्लॉट मशीनचा ‘परतावा’ : एका संज्ञेची चिकित्सा

बीजसंज्ञा : परतावा, स्लॉट मशीन, संगणकीय जाळे, मटका, गोव्यातील कॅसिनो

प्रस्तावना :
गडब हे रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. येथे कॅसिनो असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 साली कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम संमत केला खरा. परंतु तो कधीच अंमलात आला नाही आणि 2023 साली राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. तथापि गडबवरून जाणारा रस्ता ज्या राज्यात पोहोचतो, तेथे 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील स्लॉट मशीनना आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवरील जुगाराला वाट मोकळी झाली. त्यामुळे या यंत्रांसमोर बसणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातील माणूस असू शकतो. जुगाराविषयीची आपली चर्चा बहुधा नीती आणि महसूल या दोन टोकांमध्ये फिरते. प्रस्तुत लेखात तिसऱ्याच प्रश्नाचा परामर्श घ्यावयाचा आहे : खेळणाऱ्याला खेळाचा दर ठाऊक असतो काय?

मटक्याचा उघड दर :
तुलनेसाठी आपल्याकडील मटका घेता येईल. न्यूयॉर्क कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैजा लागत. म्हणजे दूरवरच्या जाळ्यावर चालणारा जुगार मुंबईला संगणकापूर्वीच परिचित होता. तो आधार तुटल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी स्थानिक आकडे काढण्याची पद्धत रूढ केली. हा व्यवहार बेकायदेशीर होता आणि त्यात गिरणी कामगारांचे पगार बुडाले, हे विसरता येत नाही. मात्र त्याचा दर उघड होता. आकडे दहा आणि एका आकड्यास रूढ भाव नऊपट. दहा रुपयांमागे एक रुपया चालवणाऱ्याचा, हे गणित अक्षरओळख नसलेल्यालाही करता येई. आकडा प्रामाणिकपणे निघतो की नाही, हा संशय कायम राहिला, पण दराविषयी संशय नव्हता.

यंत्रातील दर :
स्लॉट मशीनचा आरंभही असाच पारदर्शक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने बनवलेल्या ‘लिबर्टी बेल’ यंत्रात तीन चक्रे होती आणि प्रत्येकावर दहा थांबे. एकूण शक्यता एक हजार. चक्रावरील चिन्हे चिकाटीने मोजणाऱ्याला दर काढता येत होता. 1984 साली इंगे टेल्नेस याला मिळालेल्या पेटंटने ही मोजणी निरर्थक ठरवली. त्यानंतर निकाल संगणकातील यादृच्छिक संख्या ठरवू लागली आणि चक्र केवळ तो निकाल दाखवू लागले. डोळ्यांना दिसणारे थांबे बावीस असले तरी संगणकातील आभासी थांबे चौसष्ट असू शकतात. तीन चक्रांच्या शक्यता 10,648 वरून 2,62,144 वर जातात. शिवाय मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाशेजारच्या रिकाम्या जागांना अधिक आभासी थांबे देता येतात. मग ‘अगदी थोडक्यात हुकले’ असा भास वारंवार होतो. डोळ्यांना दिसते एक आणि गणित असते निराळे.

येथे ‘परतावा’ या संज्ञेची चिकित्सा आवश्यक ठरते. परतावा 90 टक्के म्हटले की हजार रुपयांतले नऊशे परत मिळतील, असा सामान्य वाचकाचा समज होतो. वस्तुतः हा आकडा लक्षावधी डावांच्या सरासरीचा असून तो लावलेल्या प्रत्येक रुपयाला लागू असतो, खिशातून आणलेल्या रकमेला नव्हे. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यांतूनही दहावा हिस्सा जातो. हजाराचे नऊशे, नऊशेचे आठशे दहा, या क्रमाने संपूर्ण रक्कम सात वेळा फिरली की सरासरीने 478 रुपये उरतात. दहा रुपयांचा डाव तासाला सहाशे वेळा खेळला, तर सहा हजारांची पैज लागते आणि सरासरी सहाशे रुपये जातात. नताशा डाऊ शूल यांनी लास व्हेगासमधील यंत्रांवरील 2012 च्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की या उद्योगाचे लक्ष खेळणारा यंत्रासमोर किती वेळ टिकतो यावर असते. वेग आणि वेळ वगळून सांगितलेला परतावा म्हणूनच अर्धसत्य होय.

जाळ्यातील दर :
1986 साली नेवाडात ‘मेगाबक्स’ या योजनेत अनेक कॅसिनोंमधील यंत्रे एकाच बक्षिसाला जोडली गेली. प्रत्येक पैजेचा काही अंश समाईक निधीत जाऊ लागला. बक्षीस डोळे दिपवणारे झाले; पण परताव्याचा मोठा भाग एखाद्याच भाग्यवंताच्या वाट्याला एकवटला आणि बाकीच्यांच्या हाती येणारा दर त्या प्रमाणात घटला. पुढे सर्व्हरवर आधारित व्यवस्था आली. तिच्यामुळे यंत्रावरील खेळ, पैजेचे मूल्य आणि परतावा मध्यवर्ती ठिकाणाहून बदलणे शक्य झाले.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. आपण बसताच मालक दर कमी करतो, हा समज नियंत्रित व्यवस्थेत निराधार आहे. नेवाडाच्या नियमांनुसार खेळ चालू असताना असा बदल करता येत नाही. ‘बराच वेळ बक्षीस लागले नाही, आता लागेलच’ हा समजही तितकाच चुकीचा, कारण प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. खरी अडचण निराळी आहे. एकच खेळ निर्माते वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्यांत पुरवतात. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला एकसारख्या दोन यंत्रांचे दर भिन्न असू शकतात आणि तो फरक जाणण्याचा मार्ग खेळणाऱ्याजवळ नसतो. नेवाडात किमान परतावा 75 टक्के आणि न्यू जर्सीत 83 टक्के असावा, असे बंधन आहे. पण नेवाडात सरासरी आकडे प्रसिद्ध होतात ते प्रदेश व पैजेच्या मूल्यानुसार, यंत्रनिहाय नव्हे.

कायद्याचे मौन :
गोव्याच्या जुगार प्रतिबंधक कायद्यातील ज्या कलम 13-अ ने ही मुभा दिली, ते शासनाला अटी घालण्याचा आणि शुल्क आकारण्याचा अधिकार देते. शुल्काचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, परताव्याचा नाही. फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. ही मनाई म्हणजे यंत्राच्या उपद्रवाची शासनानेच दिलेली कबुली होय. पण मग संरक्षण घरच्यांना आणि धोका पाहुण्यांना, अशी विभागणी होते. मांडवीच्या पात्रातील जहाजावर चढणारा रायगडचा प्रवासी त्या पाहुण्यांतलाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असे सांगितले आहे. पण त्याबरोबरच शुद्ध फासे पुरवण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली असून फासे बदलणाऱ्यास दंड ठरवला आहे. महसूल घेणाऱ्याने साधनाची हमी द्यावी, हा तो न्याय. आधुनिक कायद्याने त्यातला महसूल तेवढा उचलला.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने, कौशल्य व नशीब असा भेद न करता, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. भ्रमणध्वनीवाटे गावागावांत पोहोचलेल्या जुगाराला दिलेले ते उत्तर होते. परंतु बंदीची भाषा आणि परवान्याची भाषा या दोहोंतही दराची भाषा गैरहजरच आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की मटका बेकायदेशीर असून त्याचा दर उघड होता, तर स्लॉट मशीन कायदेशीर असून त्याचा दर झाकलेला आहे. दर उघड केल्याने जुगार निर्दोष होत नाही, हे मटक्यानेच सिद्ध केले आहे. तरीही ज्या व्यवहाराला शासन परवाना देते आणि ज्यातून शुल्क घेते, त्याचा दर जाणण्याचा अधिकार ग्राहकाला नाकारता येत नाही. प्रत्येक यंत्रावर परतावा, बक्षीसनिधीत जाणारा हिस्सा आणि सर्वसाधारण वेगाने होणारे ताशी सरासरी नुकसान ग्राहकाला समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे, ही किमान मागणी आहे. तशी पाटी लागली, तर ‘परतावा’ हा शब्द बाजूला पडून ‘तासाला सहाशे रुपये खर्च’ असे सरळ विधान समोर येईल. ते वाचूनही जो बसेल, त्याची निवड निदान डोळस असेल.