धावणारा पिता

लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील दृष्टान्त 'उधळ्या पुत्रा'च्या नावाने ओळखला जात असला, तरी आमच्या मते त्याचा नायक पिता आहे. पिता हयात असतानाच वाटणी मागणाऱ्या धाकट्याला तो अडवीत नाही. सर्वस्व उधळून परतणाऱ्या त्याच मुलाला दुरून पाहताच धावत जाऊन मिठी मारतो. मुलाने कबुलीजबाब योजून ठेवला होता : आपण पापी, पुत्र म्हणवून घेण्यास अपात्र, तेव्हा मजूर म्हणून ठेवावे. यातील अखेरची विनंती तो उच्चारीतच नाही. पिता चाकरांना उत्तम झगा आणावयास सांगतो. अर्ज संपूर्ण वाचल्यावाचून निर्णय न देण्याची शासकीय शिस्त आम्ही घरीही पाळली. येथे ती आम्हांस टोचली.

1895 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली मानले, त्याचे मर्म या धावण्यात सापडते. रुसलेल्या थोरल्याची मनधरणी करावयासही हाच पिता बाहेर येतो. तो थोरला आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. ख्रिस्ती पित्याने गिरवावयाचा कित्ता असा कठीण आहे : आर्जव करावे आणि उत्तर मुलावर सोपवावे.