शत्रु-मालमत्तेचा कायदा : मूळ पाठ व मागाहून घातलेला पाठ

कायद्याचें परीक्षण करणें हें वकिलांचें काम, इतिहाससंशोधकांनीं त्यांत कां पडावें, अशी शंका कित्येकांस येईल. परंतु कायदा हाही एक कागदच होय. त्यास मिती असते, पूर्वीच्या कागदांतून उचललेलीं वाक्यें त्यांत असतात, आणि क्वचित् मागाहून घुसडलेला मजकूरही असतो. बखरीस जी कसोटी आपण लावितों तीच येथें लाविली असतां काय निष्पन्न होतें, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे. परीक्षणास घेतलेला कागद दुहेरी आहे : १९६८ सालचा शत्रु-मालमत्तेचा कायदा, आणि त्यावर २०१७ सालीं झालेली दुरुस्ती.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. फाळणीच्या वेळीं पाकिस्तानांत निघून गेलेल्या लोकांची मालमत्ता आणि शत्रूची मालमत्ता ह्या दोन्ही एकच, असें पुष्कळांकडून लिहिलें जातें. तें सर्वथा चूक आहे. पहिल्या प्रकारच्या मालमत्तेचा कायदा १९५० सालचा. तिकडून आलेल्या निर्वासितांस घरदार देण्याकरितां तो झाला, आणि १९५४ च्या कायद्यानें ती मालमत्ता निर्वासितांच्या नुकसानभरपाईस लागली. ७ मे १९५४ नंतर नवी मालमत्ता त्या सदरांत घालतां येत नव्हती, व २००५ सालीं तो कायदाच रद्द झाला. १९६८ च्या कायद्यांत पुनर्वसनाचा हेतुच नाहीं. त्याचा उगम १९६२ व १९६५ च्या लढायांत आहे. २०१७ सालीं दुरुस्ती होतांच मलबार हिलवरील जिनांचा बंगला आतां शत्रूची मालमत्ता झाला, तो पाडावा, अशी मागणी मुंबईंत ऐकूं आली. जिना वारले सप्टेंबर १९४८ मध्यें. १९६५ च्या अधिसूचनेनें त्यांस शत्रू ठरविणें हा कालविपर्यास आहे, आणि राजकारणी पुरुषांस तो खपत असला तरी संशोधकांस खपूं नये.

आतां मूळ पाहूं. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पुकारलें गेलें, त्या सालच्या भारत संरक्षण कायद्याखालीं नियम झाले आणि शत्रु-मालमत्तेच्या अभिरक्षकाचें दप्तर मुंबईस उघडलें. जर्मन, इटालियन व पुढें जपानी लोकांची मालमत्ता त्याच्या हवालीं झाली. राज्य बदललें तरी दप्तर बदललें नाहीं : शत्रूशीं होणाऱ्या व्यापाराविषयींच्या युद्धकालीन तरतुदी चालू ठेवणारा कायदा १९४७ सालचाच आहे. स्वतंत्र राष्ट्रास किल्ले व तोफा वारशानें मिळाल्या, तशीच ही खतावणी आणि तिची भाषाही मिळाली.

त्या इंग्रजी भाषेंत ‘शत्रू’ कोण, हें जन्मावरून किंवा नागरिकत्वावरून ठरत नसे. वास्तव्यावरून ठरत असे. बर्लिनमध्यें स्वेच्छेनें राहणारा इंग्रज ह्या कायद्यापुरता शत्रू समजला जाई. हेतु एवढाच कीं, युद्ध चालू असतां पैसा शत्रूच्या मुलखांत जाऊं नये. युद्ध संपल्यावर तहानें निकाल होई. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें दोस्तांस जर्मन मालमत्ता ठेवून घेण्याची मुभा दिली, आणि ज्यांची मालमत्ता गेली त्यांस भरपाई करण्याचें ओझें जर्मनीवर टाकलें. हा न्याय कठोर होता, पण त्यास शेवट होता.

इंग्रजांची ही शिस्त युरोपियन शत्रूपुरती होती, हें मात्र आपल्या प्रांताच्या इतिहासावरून दाखवितां येतें. रायगडचा किल्लेदार, ज्याचें नांव इंग्रजी निवाड्यांत ‘नरोबा औटिया’ असें येतें, तो १८१८ च्या मे महिन्यांत किल्ला स्वाधीन करून कौलाप्रमाणें पुण्यास आला. त्याची खासगी मालमत्ता सुरक्षित राहील, अशी त्याची समजूत होती. पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यांनीं त्यास अटकेंत ठेविलें आणि त्याचें द्रव्य व जवाहीर पेशव्यांचें समजून ताब्यांत घेतलें. त्याच्या पश्चात् मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत खुद्द एल्फिन्स्टन व रॉबर्टसन यांजवर दावा लाविला आणि तेथें ते जिंकले. १८३० सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो निवाडा फिरविला. काळ, स्थळ व पुरुष ह्यांचा विचार करितां ही शत्रूची जप्ती होय, युद्ध पुरतें शमलें नव्हतें, म्हणून दिवाणी न्यायालयास यांत अधिकार नाहीं, असा त्यांचा आशय. द्रव्य कोणाचें होतें, ह्या प्रश्नास कौन्सिलनें हात घातला नाहीं. विचारण्याची जागाच काढून घेतली. हा निवाडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याची आठवण होणार आहे.

पेशवे दप्तरांत जप्ती कांहीं थोडी नाहीं. परंतु जप्ती व खालसा हे दोन शब्द तेथें वेगळे आहेत. जप्त महालावर कमाविसदार बसे, वसूल सरकारांत जमा होई, आणि मर्जी सुप्रसन्न झाली, नजर भरली, किंवा वारसानें रुजू होऊन अर्ज केला, म्हणजे जप्ती मोकळी केल्याचें पत्र निघे. त्या कारभारास न्यायाचा नमुना म्हणून आम्ही पुढें करीत नाहीं. पण जप्ती ही एक अवस्था असून तिला बाहेर पडण्याची वाट असते, हें त्या कारकुनांस ठाऊक होतें.

१९६५ च्या १० सप्टेंबरास, पंजाबांत लढाई पेटल्यावर अवघ्या चार दिवसांनीं, पाकिस्तानी नागरिकांची येथील मालमत्ता अभिरक्षकाकडे जात असल्याची अधिसूचना निघाली. येथें पहिला फरक पडला : वास्तव्याच्या जागीं नागरिकत्व आलें. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद घोषणेंत ह्या झगड्यांत घेतलेली मालमत्ता परत करण्याविषयीं चर्चा करण्याचें उभय पक्षांनीं मान्य केलें. चर्चेचें फळ दिसलें नाहीं. १९६२ पासून चालू असलेली आणीबाणी १० जानेवारी १९६८ रोजीं संपली; तिच्यावर टेकलेला संरक्षण कायदा सहा महिन्यांनीं संपावयाचा होता. तो संपतां संपतां जुलैंत अध्यादेश व पुढें २० ऑगस्टास कायदा, असा क्रम आहे. ह्या तारखा शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे कायद्याचा हेतु उघड दिसतो : हातीं असलेली वस्तु सुटूं नये, तडजोडीच्या वेळीं ती शिल्लक असावी. पाकिस्ताननें १९७१ मध्यें आपल्याकडील भारतीयांची मालमत्ता विकून टाकिली, असें आपल्या सरकारचें म्हणणें आहे. तें मानलें तर सरकारनें सरकारास विचारावयाचा जबाब तेथें शिल्लक राहतो. परंतु जो मनुष्य जन्मानें व नागरिकत्वानें भारतीय, त्याच्या खात्यावर पाकिस्तानचें देणें कसें मांडतां येतें, हें आम्हांस कळलें नाहीं.

आणि मूळ पाठांतही तें मांडलेलें नव्हतें. १९६८ च्या दुसऱ्या कलमांत ‘शत्रू’ ह्या शब्दाची व्याख्या देतांना भारताच्या नागरिकाचा त्यांत समावेश होत नाहीं, असें स्वच्छ म्हटलें आहे. ह्या वाक्यांशाची परीक्षा महमुदाबादच्या प्रकरणांत झाली. तेथील राजे महंमद अमीर अहमद खान यांनीं १९५७ मध्यें पाकिस्तानचें नागरिकत्व घेतलें व ते १९७३ मध्यें लंडनला वारले. राणी व पुत्र मात्र येथेंच, भारतीय नागरिक म्हणून राहिले. सीतापूर, लखनौ, लखीमपूर खेरी व नैनिताल येथील त्यांची विस्तीर्ण मालमत्ता अभिरक्षकाकडे होती. १९८१ सालीं सरकारनें तिचा चौथा हिस्सा सोडण्याची तयारी दाखविली; पुत्र न्यायालयांत गेला, आणि २१ ऑक्टोबर २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. बाप शत्रू असला तरी त्याचा नागरिक पुत्र शत्रू होत नाहीं, हा त्याचा सार. पाठ जसा होता तसा वाचला तर दुसरा अर्थ निघतच नव्हता.

त्यानंतर पाठ बदलला. २०१० मध्यें एक अध्यादेश निघून रद्दबातल झाला. २०१६ सालीं एकामागून एक पांच अध्यादेश निघाले. मार्च २०१७ मध्यें संसदेनें दुरुस्ती मंजूर केली. तिच्या योगें शत्रूचा वारस भारतीय नागरिक असला तरी तो शत्रूच्या व्याख्येंत आला, वारसाहक्काचा कायदा ह्या मालमत्तेस लागूं होईनासा झाला, आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद झाला. उच्च न्यायालयाकडे अपिलाची एक अरुंद वाट ठेवली आहे, हें नमूद केलें पाहिजे. १८३० च्या निवाड्याची आठवण येते ती ह्या ठिकाणीं.

खोट्या हिबांच्या व बनावट वारसांच्या आधारें दावे येऊं लागल्यास सरकारास बंदोबस्त करावा लागेल, हें कोणीही कबूल करील. तथापि बनावट दस्तऐवजाचा उपाय दस्तऐवज तपासणें हा होय, खऱ्या वारसास शत्रू म्हणणें नव्हे. आमचा मुख्य आक्षेप याहूनही वेगळा आहे. नवा मजकूर पहिल्यापासूनच तेथें होता असें समजावें, असें दुरुस्तींत लिहिलें आहे. संसदेस नवा कायदा करण्याचा अधिकार आहे. मागील काळास लागूं होणारा कायदा करण्याचाही, घटनेच्या मर्यादेंत, आहे. पण २०१७ ची ओळ १९६८ च्या पोथींत पूर्वींच होती असें म्हणणें हा प्रक्षेप आहे. प्रक्षिप्त श्लोक रचणाऱ्यास निदान तो प्राचीन शाईनें लिहिण्याचे श्रम तरी घ्यावे लागत. दुरुस्तीच्या समर्थकांनीं तिला ‘स्पष्टीकरण’ म्हटलें. जें वाक्य मूळच्या नकारास होकार करतें तें स्पष्टीकरण कसलें?

व्याख्येचा हा प्रवास वास्तव्यापासून नागरिकत्वाकडे आणि नागरिकत्वापासून रक्ताकडे झाला आहे. त्याचें एक ठळक उदाहरण गोव्याचें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें देशांत अशा १२,६११ मालमत्ता आहेत. पैकीं ६,२५५ उत्तर प्रदेशांत व ४,०८८ पश्चिम बंगालांत आहेत. महाराष्ट्रांत २०८, आणि इवल्याशा गोव्यांत २९५. गोव्याचा आंकडा पाहून वाचक थबकेल. फाळणीच्या वेळीं गोवा पोर्तुगीजांकडे होता. गोव्याचे लोक चाकरीसाठीं पिढ्यानपिढ्या कराचीस जात, जसे ते मुंबईसही येत. त्या वेळीं कराची इंग्रजी हिंदुस्थानांत होती. असें कुटुंब भारत सोडून पाकिस्तानांत गेलें असें कोणत्याच अर्थानें म्हणतां येत नाहीं. सीमा त्याच्या अंगावरून गेली. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा भारतांत आला, आणि पुरतीं चार वर्षें होण्यापूर्वींच पाकिस्तानी नागरिक झालेल्या कराचीकराचें गोव्यांतील वडिलार्जित घर शत्रूचें ठरलें. चिनी लोकांच्या १२६ मालमत्तांची कथाही अशीच करुण आहे. १९६२ नंतर राजस्थानांतील देवळी येथें ज्यांस डांबलें त्यांतील पुष्कळांचा जन्मच ह्या देशांतला होता.

पूर्वेकडील राष्ट्राचें उदाहरण थोडक्यांत सांगतों. पूर्व पाकिस्तानांत १९६५ नंतर भारतांत गेलेल्या हिंदूंचीं घरेंशेतें शत्रूचीं ठरलीं. १९७१ मध्यें बांगलादेश भारताच्या साह्यानें स्वतंत्र झाला. कालचा शत्रू मित्र झाला. १९७४ मध्यें कायद्याचें नांव बदलून ती ‘अर्पित’ मालमत्ता झाली, आणि मालमत्ता होती तेथेंच राहिली. परत करण्याचा कायदा होण्यास २००१ साल उजाडलें, त्यांतही पुढें वारंवार दुरुस्त्या कराव्या लागल्या. शब्द बदलणारें राज्य आणि व्याख्या रुंदावणारें राज्य, दोघांचीही खतावणी एकाच घराण्याची आहे.

राहिला मालकीचा प्रश्न. लखनौच्या महापालिकेनें अशा एका इमारतीवर कर मागितला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, अभिरक्षक हा विश्वस्त आहे, त्याच्याकडील ताबा तात्पुरता आहे, ती मालमत्ता केंद्र सरकारची होत नाहीं; म्हणून कर द्यावा लागेल. आतां हें २०१७ च्या दुरुस्तीशेजारीं ठेवून वाचावें. तिच्या अन्वयें अभिरक्षक मालमत्ता विकूं शकतो व पैसा भारताच्या संचित निधींत जातो. २०१८ च्या नोव्हेंबरांत ९९६ कंपन्यांतील साडेसहा कोटींहून अधिक शेअर विकण्यास मंत्रिमंडळानें संमति दिली. त्यांची किंमत सुमारें ३,००० कोटी रुपये धरली होती. घर उभें आहे तोंवर तें विश्वस्ताकडील ठेव, आणि विकलें कीं सरकारचें उत्पन्न ! हीं दोन्हीं वाक्यें एकाच कागदांत सुखानें नांदूं शकत नाहींत, आणि न्यायालयांस केव्हां तरी त्यांतील एक निवडावें लागेल.

संशोधकांच्या दृष्टीनें अभिरक्षकाचें दप्तर हें आधुनिक काळचें जप्तीदप्तर आहे. १९३९ पासूनच्या नोंदवह्या, मूळ मालकाचीं नांवें, तो देश सोडून केव्हां गेला त्याची तारीख, वारसांचे अर्ज व त्यांवरील शेरे, यांची सूची विक्रीपूर्वीं तयार होऊन प्रसिद्ध झाली पाहिजे, कारण इमारत हातची गेली म्हणजे तिची फाईलही निरुपयोगी समजून काढून टाकण्याची कचेऱ्यांची रीत आहे. गोव्याच्या २९५ मालमत्तांपासून हें काम सुरू करावें. त्यांपैकीं किती मालक १९४७ पूर्वींच कराचीस होते, एवढें जरी तारखांनिशीं समजलें, तरी फाळणी आणि शत्रुत्व यांची सांगड घालणाऱ्या पुष्कळ विधानांची तपासणी करतां येईल.